ओल्या रंगातलं पिस्तूल

न्यूयॉर्कमधल्या एका रहस्यकथा मासिकाच्या कचेरीबाहेर लोरेटा बाकावर बसली होती. मुखपृष्ठांसाठी किंचाळत्या बाईची पोझ देणं हा तिचा धंदा. शेजारी दोन चित्रकार होते, म्हातारा मॉर्टन आणि गुडघ्यांवर ओलं चित्र सांभाळणारा साल.

“साल, बाईच्या हातात पिस्तूल?” मॉर्टनने चित्रात डोकावून विचारलं.

“हो.”

“आणि खाली मरून पडलाय तो कोण?”

“मीच. आरशात बघून काढला.”

“अरे, स्टॉलवरचं गिऱ्हाईक घाबरलेली बाई बघून अंक उचलतं. साहेब हे परत करतील.”

“माहीत आहे.”

“मग विषाची परीक्षा कशाला? नेहमीसारखं रोझलिनला जमिनीवर झोपवायचं, गळ्याभोवती दोर टाकायचा. घरची बायको, फुकटात बसते.”

“तीच म्हणाली, इतक्या वेळा मारलंस, एकदा तरी मला जिवंत ठेव.”

“थट्टा केली असेल.”

“हसली नाही ती. दवाखान्यात न्यायची पिशवी भरत होती.”

मॉर्टन चित्रावरची नजर काढून सालकडे वळला.

“ऑपरेशन कधी आहे?”

“आज दुपारी.”

“मग तर हे चित्र खपायलाच हवं, बाबा. रंग ओला आहे तोवर ही चिंधी घे आणि पिस्तूल पुसून टाक. हात वर केले की बाई घाबरलेलीच दिसेल.”

“पुढचा कोण?” आतून हाक आली.

“घे ना रे चिंधी.”

“नको. आज तिच्या हातातलं मी काही काढून घेणार नाही.”

साल दोन्ही हातांनी चित्र धरून उठला. रंग कुठे लागू नये म्हणून लोरेटाने दार अगदी भिंतीपर्यंत उघडून धरलं.