‘ते’ म्हणजे काय ते

...आणि एवढं सगळं ऐकवून झाल्यावर वर म्हणायचं काय, तर ‘निर्णय तुझाच आहे हं!’ अहो, तिचाच आहे ना, मग सकाळपासून चहाचे कप पुढ्यात घेऊन तुम्ही सगळे इथे कशाला बसलाय? थांबा, नीट सांगते, नाहीतर माझं आपलं नेहमीचं, किल्ली फिरवायच्या आधीच चौथा गिअर.

तर आमच्या ताई. म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, पण मी ताईच म्हणते. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवतात, अर्धं गाव त्यांचा ओरडा खाऊन क्लच सोडायला शिकलंय. मागच्या वर्षी त्यांना कॅन्सर झाला, डावीकडचं ‘ते’ काढलं, औषधं झाली, केस गेले, केस आले, आणि आता डॉक्टर म्हणाले, हवं असेल तर ‘ते’ नवीन करून देता येईल. आता ‘ते’ म्हणजे काय ते तुम्हाला कळलं ना? मग झालं तर. आमच्या घरात तो शब्दच नाही. शाळेत ‘सस्तन प्राणी’ हा धडा आला की माना खाली घालणारी माणसं आमची, त्यांच्या लेखी कॅन्सरसुद्धा ‘त्या जागेचा’ होता.

सासूबाई म्हणाल्या, आता या वयात कशाला गं, पन्नाशी आली, मुलं मोठी झाली, त्याचं काम संपलं... पण निर्णय तुझाच आहे हं. वन्सं, म्हणजे आमच्या नणंदबाई, फोनवरून म्हणाल्या, अगं करूनच टाक, चार माणसांत कपडा कसा बसणार, आणि पोटाची चरबी काढून बनवतात म्हणे, म्हणजे एका दगडात दोन पक्षी, कमी पडली तर माझी घे, हवी तेवढी घे... पण निर्णय तुझाच. ड्रायव्हिंग स्कूलचे मालक तर टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत म्हणाले, मॅडम, सुट्टी घ्या, करा, नका करू, फक्त त्या दिवशीसारखं शिकणाऱ्यांचं लक्ष... असो, निर्णय तुमचाच.

‘त्या दिवशी’ काय झालं होतं? तर ताईंना हॉस्पिटलातून एक मऊ गादी दिलेली, कपड्याच्या आतून घालायची. आता मला सांगा, शिकवणारी बसते शेजारच्या सीटवर, सीटबेल्ट येतो डाव्या खांद्यावरून, तो नेमका कुठे रुतणार? वळणावर शिकणाऱ्यानं कचकन ब्रेक दाबला, पट्टा आवळला, आणि गादी सरकली ती थेट गळ्याशी. तो बिचारा बघतच राहिला. ताई म्हणाल्या, “समोर बघा. रस्ता तिकडे आहे.” घरी येऊन त्यांनी हे इतकं रंगवून सांगितलं, की आम्ही पोट धरधरून हसलो, आणि मग त्या बाथरूममध्ये गेल्या आणि नळ सोडून बराच वेळ आतच राहिल्या. नळ कशासाठी सोडतात ते बायकांना सांगायला नको.

मग गेलो प्लास्टिक सर्जनकडे. वर ताईंबरोबर मी, कारण भावजी, म्हणजे ताईंचे मिस्टर, खाली पार्किंग शोधत होते. हा माणूस वर्षभर पार्किंगच शोधतोय! डॉक्टरांनी कागदावर पोट काढलं, बाण काढले, इथलं मांस तिथे, सकाळी आत घेतलं की संध्याकाळच होते म्हणाले, पण आकार अगदी हुबेहूब. ताईंनी विचारलं, “मला जाणवेल का?” डॉक्टर म्हणाले, छे, कपड्यातून कुणालाही कळणार नाही. “कुणाला नाही हो, मला. हात लागला तर मला जाणवेल का?” तेव्हा त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, तसं फारसं नाही. जिना उतरताना ताई म्हणाल्या, “म्हणजे ते मला सोडून बाकी सगळ्यांना असणार.”

बरं, बाकीचे गेले उडत, पण नवऱ्याला तरी विचारायला नको? भावजी म्हणजे कायम मूग गिळून बसलेले. ताईंनी भांडी पुसता पुसता विचारलं, अहो, काय करू? ते म्हणाले, “मला ते बघवणार नाही.” एवढंच, आणि हातातलं ताट तसंच ठेवून बाहेर गेले. संपलं! ताईंनी दुसऱ्या दिवशी ऑपरेशनची तारीख घेतली. वर्षभर नवरा दिवा मालवल्याशिवाय खोलीत येत नाही, तो का, ते त्यांच्या हिशेबी आता पक्कं झालं. आतून पार खचलेली बाई, आणि मला सांगते काय, तर निर्णय माझाच आहे.

ॲडमिट व्हायच्या दिवशी गाडी ताईंनीच चालवली, दुसऱ्या कुणाच्या हातात त्या देतात होय! शेजारी भावजी, मागे मी आणि बॅग. हॉस्पिटलच्या आवारात भिंतीला नाक लावून गाडी उभी केली, आणि भावजी एकदम म्हणाले, “अजूनही नको म्हण.”

ताईंना कळेना. “तुम्हीच म्हणालात ना, ते बघवणार नाही?”

“ते म्हणजे ते, अगं... नळ्या. मागच्या वेळी नळ्या लावून पडली होतीस, हाक मारली तरी डोळा उघडेना. ते मला परत बघवणार नाही.”

“आणि दिवा?”

“तुला संकोच वाटेल म्हणून.”

“मला वाटलं, तुम्हाला किळस येते.”

आता मी काय करावं? उतरावं तर दाराला चाइल्ड लॉक, समोर बघावं तर भिंत. एका शब्दाची लाज वाटली म्हणून बाई पोट चिरून घ्यायला निघाली होती हो!

मग भावजींनी विचारलं, “तुला काय हवंय?” बघा हं, निर्णय तुझाच, निर्णय तुझाच करता करता ॲडमिट व्हायचा दिवस आला, आणि हा प्रश्न पहिल्यांदा. ताई स्टिअरिंग घट्ट धरून बसल्या. म्हणाल्या, “मला माझं हवंय. जुनं. ते कुठे टाकलं असेल हो त्यांनी?”

भावजी रडले, मीही रडले. काचा बंद, आत आम्ही तिघं, आणि बाहेरून पार्किंगवाला काचेवर टकटक करतोय, निघताय की थांबताय, काय ते ठरवा, मागे गाडी आहे. ताईंनी डोळे पुसले, वर फोन करून नको म्हणून कळवलं, आणि रिव्हर्स टाकला.

घरी सासूबाई दारातच, बॅगेसकट परत कशा म्हणून. ताईंनी चपला काढल्या आणि ज्या आवाजात ‘ब्रेक दाबा’ म्हणतात त्याच आवाजात सांगितलं, “आई, मी नवा स्तन करून घेणार नाहीये.”

असा खणखणीत! सासूबाईंचा चेहरा पडला. एकदा ताईंकडे बघितलं, एकदा रस्त्याकडे. म्हणाल्या, “निर्णय तुझाच आहे गं बाई, पण जरा हळू बोल, खिडकी उघडी आहे.”

आणि तुम्हाला सांगते, खिडकी लावायला धावलं कोण? मीच.