सीट एकच

नाही, पण मला एक सांगा, तीन माणसांच्या घरात एका सीटची गाडी कोण बनवतं? हौस असते, मान्य आहे. कुणी पोपट पाळतं, कुणी बासरी शिकतं, शेजाऱ्यांच्या कानांना त्रास होतो, पण माणूस घरातच राहतो ना! आमच्या बाबांनी काय करावं? एक जुनी, आपटलेली, रेसची मोटरसायकल आणली, पुढच्या खोलीत कापायच्या टेबलाशेजारी आडवी टाकली, आणि तिच्याकडे बघत म्हणाले, "हिला मी नवी करणार." मागची सीट तर त्यांनी पहिल्याच दिवशी करवतीने कापून टाकली. सांगाड्यासकट! म्हणजे बघा, गाडीला अजून चाकं नाहीत, दिवा नाही, हँडल नाही... आणि सीट एकच!

थांबा, नीट सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही मुलगी उगाच घाबरते. माझे बाबा टेलर. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. बाबा पुढच्या खोलीतल्या दुकानात शिवणार आणि आई ते कपडे स्कूटरवरून घरोघर पोचवणार, असं आमचं चालतं. बाबांना गाडी येत नाही. गाडी सोडा, सायकलसुद्धा येत नाही! कुठे जायचं झालं की आई पुढे, बाबा मागे, मांडीवर कपड्यांचं गाठोडं, आणि कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला न चुकता ओरडणार, "मास्तर, घट्ट धरा, वळण आलं!" रोज! त्या माणसाला दुसरा विनोदच येत नाही. बाबा हसायचे. मग एके दिवशी ते हसले नाहीत. मला तेव्हाच कळायला हवं होतं. रोज हसणारा माणूस हसायचा थांबला, की समजावं आत काहीतरी शिजतंय.

गाडी दिली ती बाबांच्या गॅरेजवाल्या मित्राने. त्याला सगळे सायलेन्सर म्हणतात, कारण तो बोलत नाही. म्हणजे अगदीच मुका नाही, पण त्याचं वाक्य निघेपर्यंत समोरच्याचा चहा गार होतो. आईने त्याला विचारलं, "भाऊजी, ही गाडी आधी कुणाची होती?" त्याने हातातला पाना वर छताकडे केला. बस! आई मटकन स्टुलावर बसली. मीही हातातली बटणं खाली ठेवली. त्याने चहा घेतला, कप विसळला, पालथा घातला, आणि मग म्हणाला, "तिसऱ्या मजल्यावर राहतो. गुडघा गेला." अहो, हे आधी सांगायला काय झालं होतं? आणि गुडघा गेला ही काय आनंदाची बातमी आहे का?

तर सुट्टीच्या दिवशी सायलेन्सर यायचा आणि इंजिनाचं बघायचा. बाकी सगळं बाबा. पण कसं? शिवणकामासारखं! पेट्रोलच्या टाकीभोवती टेप गुंडाळून म्हणणार, "कंबर जास्त आहे, आत घ्यावी लागेल." पुढच्या कवचावर खडूने रेघा मारणार, त्याला म्हणणार कॉलर. कवचाचे दोन तुकडे जोडले तेव्हा मागे सरकून, मान तिरकी करून, गाडीलाच विचारलं, "काखेत घट्ट होतंय का?" मी शपथेवर सांगते, गाडीलाच! आणि ज्या आवाजात विचारलं ना, त्या आवाजात ते माझ्याशीही बोलत नाहीत.

आता त्या पुतळ्याचं सांगते. बाबांकडे एक पुतळा आहे, कपडे चढवून बघायचा. धंदा सुरू केला तेव्हा त्यांनी स्वतःच्या हाताने केलेला, स्वतःच्याच मापाचा, आत लाकडाचा भुसा, वर जाड कापड. डोकं नाही. आमच्या घरात तो असा रुळलाय की येता-जाता मी त्याच्या खांद्यावर दप्तर अडकवते. तर एकदा सकाळी उठून पुढच्या खोलीत गेले, पडदा अजून ओढलेलाच, आणि बघते तर गाडीवर एक माणूस बसलेला! पुढे वाकलेला. हात लांब केलेले. आणि मानेच्या वर काहीच नाही! मी मागच्या मागे दारावर आदळले. बाबा टेबलाखालून बाहेर आले, तोंडात टाचण्या, आणि म्हणाले, "घाबरू नकोस, मीच आहे तो."

मीच आहे तो! असं बोलतात का मुलीशी?

त्यांनी पुतळ्याला भुसा भरलेले हात शिवले होते, पँटमध्ये भुसा भरून पाय केले होते, आणि त्या बिनडोक्याच्या बाबांवरून गाडीचं माप ठरवत होते. हँडल कुठे, पाय कुठे, किती वाकायचं. सायलेन्सर लोखंड वाकवायचा, बाबा टेप लावायचे, पुतळा निमूट बसून असायचा. मग मला अभ्यासाला तिथेच बसावं लागे, कारण उजेड तिथेच, आणि वहीतून मान वर केली की समोर कोण? डोकं नसलेले बाबा, कुठेतरी निघालेले. आणि सीट एकच!

बरं, गाडी नुसती वाढत नव्हती, ती खात होती. आधी आईच्या स्कूटरचा आरसा गेला. "दोन कशाला लागतात?" मग हॉर्न गेला. आई रस्त्यात तोंडाने "बाजूला व्हा, बाजूला व्हा" करत कपडे पोचवायला लागली. मग सीटमधला फोम गेला. मग बॅटरी. शेवटी स्कूटर दारात अशी उभी, जशी पिसं काढलेली कोंबडी. मी आईला म्हटलं, "आई, तू काही बोलत का नाहीस?" आई म्हणाली, "बोलून थांबणारा माणूस आणि न बोलून थांबणारा माणूस वेगळा असतो. हे दोन्हीतले नाहीत."

पण खरी धडकी मला भरली ती वेगळ्याच गोष्टीने. बाबांनी सगळे कपडे वेळेवर द्यायला सुरुवात केली.

हसू नका! टेलरने वेळेवर कपडे दिल्याचं तुम्ही आयुष्यात ऐकलंय? "परवा या" हे आमच्या घरात श्वासासारखं. आणि इथे बाबा लोकांना बोलावून कपडे देताहेत! एक बाई तर ब्लाउज हातात धरून दारातच उभी राहिली, आईला हळूच म्हणाली, "मास्तरांची तब्येत बरी आहे ना हो?" हळूहळू कपडे अडकवायची दांडी रिकामी झाली. एकही कपडा लटकत नाही. तुम्हाला सांगते, टेलरच्या दुकानातली रिकामी दांडी म्हणजे... मला नाही सांगता येत. आवराआवर केल्यासारखी वाटते. मग त्यांनी गाडीच्या सीटमधून उरलेल्या चामड्याचं स्वतःसाठी जाकीट शिवलं. मग मोटरसायकलच्या टाकीवर बांधायची एक पिशवी. त्यात एक शर्ट, एक टॉवेल आणि दात घासायचा ब्रश मावेल एवढी. मी ब्रश घालून बघितला. बरोब्बर मावला.

शेवटी मी धीर केला. मी म्हणजे कशी, वर्गात हजेरीला "हजर" म्हणतानाही माझा घसा बसतो. पण विचारलं. "बाबा, कुठे जायचंय तुम्हाला?"

"सरळ," बाबा म्हणाले. सुईत दोरा ओवत होते. "इतकी वर्षं मी स्कूटरवर मागे बसलो. मला रस्ता कधी समोरून दिसलाच नाही गं. समोर तुझ्या आईचं हेल्मेट. दुकानं, झाडं, भिंती, सगळं बाजूने गेलं. एकदा समोरून बघायचंय."

"आणि मग परत?"

त्यांनी दोरा दातांनी तोडला. मी वाट बघितली. त्यांनी दुसरा दोरा घेतला.

"पण तुम्हाला चालवता कुठे येते?"

"बसलं की येतं," बाबा म्हणाले. ऐकलंत? बसलं की येतं! ज्या गाडीने तिसऱ्या मजल्याचा गुडघा नेला, तिच्यावर नुसतं बसलं की येतं!

तो दिवस उजाडला. सुट्टीची सकाळ. गाडी झाली होती, खोटं कशाला बोलू, सुंदर झाली होती. काळी, बारीक कंबरेची, चामड्याच्या सीटवर दुहेरी शिलाई, एक टाका वाकडा नाही. गाडी दारातल्या फरशीवर आणली. बाबा जाकीट घालून आले. टाकीवर पिशवी, पिशवीत... मी बघितलं नाही. आई दारात उभी, हात घट्ट बांधून. सायलेन्सरने बटण दाबलं.

अहो, तो आवाज! खिडक्या थरथरल्या. टेबलावरची मोठी कात्री आपोआप सरकत सरकत कडेला आली आणि खाली पडली. इस्त्रीवाला कोपऱ्यावरून धावत आला, पण विनोद करायचं विसरला. बाबांनी सगळ्यांकडे एकदा बघितलं. कसं, ते विचारू नका. मग पाय टाकून ते गाडीवर बसले, आणि पुतळा वाकायचा तसे पुढे वाकले.

वाकले... पण हात पोचेनात. मध्ये पोट आलं. पुतळ्याला कुठलं पोट? बाबांनी श्वास आत घेतला, जोर लावला, आणि हात पोचले. आणि खट् असा आवाज झाला. इंजिनातून नव्हे.

बाबा तसेच राहिले. गाडी गुरगुरतेय, बाबा हँडल धरून वाकलेले, नजर समोर रस्त्यावर, आणि हलत नाहीत. मला वाटलं, आता निघाले. आता गेले. मी डोळे मिटले. तेवढ्यात सायलेन्सर आयुष्यातलं सगळ्यात लांब वाक्य बोलला. "वहिनी, गाडी एकदम ठीक आहे, पण मास्तर अडकलेत."

आईने पुढे होऊन चावी फिरवली.

आम्ही चौघांनी, इस्त्रीवाल्यासकट, बाबांना उचललं आणि कापायच्या टेबलावर कुशीवर ठेवलं. त्याच आकारात! हात पुढे, गुडघे मुडपलेले, जशी काही गाडी खालून काढून घेतलीय. बाबांचं तोंड नेमकं पुतळ्याच्या बाजूला आलं. त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाले, "अगं, हा मी कधी केला होता?"

"आपल्या लग्नाच्या आधी," आई म्हणाली.

"माप घ्यायचं राहिलं," बाबा पुटपुटले. "लोकांचं दरवेळी नव्याने घेतो. जुन्या मापावर शिवू नये, हे मीच सांगतो सगळ्यांना."

कुणी हसलं नाही. इस्त्रीवालासुद्धा नाही.

आता मला सुटल्यासारखं वाटलं की नाही? वाटलं! बाबा राहिले. पाठ धरली, पण राहिले. डॉक्टरांनी सक्त विश्रांती सांगितली, दांडीवर पुन्हा कपडे लटकायला लागले, "परवा या" सुरू झालं, मी आनंदाने गाणं म्हणायचीच बाकी होते. पण बाबांनी टेबलावर पडल्या पडल्या हाताने शिवलेले थोडे कपडे पोचवायचे होते. आणि स्कूटर? तिचा तर नुसता सापळा. आईने गाठोडं पाठीला बांधलं, हेल्मेट घातलं, आणि त्या काळ्या गाडीवर पाय टाकला. "लग्नाआधी भावाची चालवायचे मी," म्हणाली. वाकली. हात अलगद हँडलवर. कंबर, पाठ, पाय, सगळं असं बसलं, जसं तिच्या अंगावर शिवलंय. बाबा टेबलावरून बघत होते. टेलरला फिटिंग कळतं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"कोपऱ्यापर्यंत जाऊन येते," आई म्हणाली आणि गेली. आवाज कोपऱ्यापर्यंत गेला. कोपऱ्याच्या पुढे गेला. मग लहान होत होत नाहीसाच झाला.

आली ती दिवे लागल्यावर. कपडे केव्हाच पोचले होते. चेहऱ्यावर असं काहीतरी की मी विचारायचं ते विसरून गेले. त्यानंतर रोज तेच. कपडे इथल्या इथे द्यायचे असतात, आणि आई परत येते ती चाकांना कुठलीतरी लाल माती लावून. आमच्याकडे लाल माती नाही.

काल मी पुन्हा धीर केला. "आई, मागे एक छोटी सीट बसवूया ना. सायलेन्सरकाका करून देतील." आईने हेल्मेटची काच खाली ओढली आणि आतून म्हणाली, "बघू. सध्या अशीच बरी आहे."

बघू! आईच्या "बघू"चा अर्थ तुम्हाला वेगळा सांगायला नको.

तर हल्ली संध्याकाळी आम्ही दोघं पायरीवर बसतो. बाबा उशीला टेकून काजं करतात, मी बटणं लावते. मधूनच बाबा मान न वळवता विचारतात, कारण मान वळत नाही, "आली का गं?"

"नाही हो, बाबा," मी म्हणते. "रस्ता अजून संपला नसेल."