सायेब यायच्या दिवशीचे कपडे

— नाई नाई, ते बॅग मांडीवरून खाली ठेवा सायेब, इथं कोणी चोरत नाई. अन् वरन घ्या अजून, सरकारचंच हाय, म्हणजे तुमचंच हाय, लाजता काऊन? मी सकाळपासून म्हणूनच राह्यली, बुलढाण्याहून सायेब येऊन राह्यले आपलं थाळी केंद्र पाह्याले, जयमाले, आता तुह्या थाळ्या पुन्हा वाढतीन. एवढी खुशी तं मले लग्नातबी झाली नव्हती — मालक तिकडं कणीक मळून राह्यले, आयकतीन. आयकू द्या.

तुमी तवा नोकरीत नव्हते ना? लॉकडाउनात? अरे बाप्पा, मंग काय पाह्यलं तुमी. तवाचं सरकार पाह्याले पाह्यजे होतं. रोज सकाळी हापिसातून फोन — जयमालाताई, थाळ्या कमी तं पडून नाई राह्यल्या? वाढवा, अजून वाढवा. अगोदर मानसाकडून थोडेफार पैसे घेत होतो, मंग तेबी नको, फुकट जेवू घाला म्हणे. रेशनवर फुकट गहू, बायाइच्या खात्यात पैसे — नुसतं माहेरपण चालू होतं, सायेब. इथं डोणगावात लाइन मार्केट यार्डापर्यंत जाये. जेवाच्या अगोदर परत्येकाचा मोबाइलवर सरकारी ॲपात फोटो, तं मास्क खाली करून हसा म्हनो मी, हसल्याबिगर वाढत नाई. अन् मंग संकट सरलं म्हणे. कोणाचं सरलं ते मले नाई मालूम, टीव्हीवर सरलं. तवापासून फोन बंद. थाळ्या निम्म्या झाल्या, मंग निम्म्याच्या निम्म्या. रोजच्या थाळ्याइचा आकडा भरला का मोबाइल फोटोच घेत नाई, अन् पातेलंबी रिकामं झालेलं राहते.

पण ते जाऊ द्या, आज पाहा ना तुमी. मान वळवा जरा — कसे टापटीप बसेल हायेत सारे. मीच सांगतलं काल घरोघरी जाऊन. उद्या सायेब येतीन, फाटक्यात कोणी यायचं नाई, आंघोळ करा, दाढी करा, सरकारले वाटलं पाह्यजे का आपल्या अन्नानं मानसं कशे खुलले. तो निळ्या सफारीतला दिसला? कचरूभाऊ होय तो, यार्डात पोते उचलते. माल आला तं काम, नाई आला तं — भाजी घ्या ना, भाजी घेतलीच नाई तुमी. अन् त्या भिताडापाशी गौसियाबी, पाहा कशा कोपरापर्यंत बांगड्या भरून आल्या. गुलाबराव बाबाले तं मीच अत्तर लावलं. मले म्हणे, जयमाले, नवरदेव दिसतो का? हाव म्हटलं बाबा, घोडीच आणाची राह्यली फक्त. सारी पंगत हसली, इतकी हसली का भात करपला माह्यावाला.

काय म्हटलं? कुकर वाजला, आयकू नाई आलं — हे लोकं गरजू वाटत नाईत? हाव ना, नाईच वाटत, तेच तं सांगून राह्यली मी, दिवसभर राबली त्याच्यासाठी — थांबा. वाटत नाईत म्हणजे? तसं कळवान तुमी वर? का इथं गरज उरली नाई?

अहो सायेब, तो सफारी माह्या पोराचा, गोकुळचा हाय, साखरपुड्यातला. बाह्या पाहा, बोटापर्यंत आल्या कचरूभाऊच्या. गौसियाबीच्या त्या बांगड्या गिऱ्हाइकाले इकाच्या हायेत, सांजच्याले काढून पेटीत ठेवतीन. अन् बाबा — बाबा काल आला तं थाळ्या संपल्या होत्या. तसाच गेला वापस. मीच म्हटलं त्याले, उद्या ये, उद्या सायेब येऊन राह्यले, उद्यापासून कमी नाई पडाचं. आता जेवून राह्यला, दोन दिवसाचं जेवून राह्यला तो.

पटत नाई? तं काय करू मी, कसं पटवू तुमाले? कचरूभाऊले उभं करू का, सफारी काढ म्हणू, आतली बनियान दाखव सायेबाले —

कचरूभाऊ, काय करतं गा? नाई, नाई, तुले नाई म्हटलं. खाली बस. बटन लाव. सारे लाव, वरचंबी. जेव आता, कोणी काही म्हटलं नाई तुले. मालक, त्याले गरम पोळी आणा.

पाह्यलं सायेब? काढाले लागला होता तो. चारचौघात. मी म्हटलं म्हून.

मले हे केंद्र पाह्यजे. लय पाह्यजे, थाळ्या वाढवून पाह्यजे. तुमच्या पाया पडाले आली असती मी आत्ता. पण ते बनियान नाई दाखवाची तुमाले. तुमाले जे कळवाचं ते कळवा.

जेवन झालं ना तुमचं? तं उठा. हात धुवाचं पानी तिकडं बाहीर हाय. मांगं मानसं उभे हायेत.