नावं संपू द्या, मामा

राम कृष्ण हरी! बुवा, मृदंग थांबवा जरा. पेटीलाही विसावा द्या. गजर झकास झाला, घसे मोकळे झाले, खांबाला टेकलेल्या आजोबांची झोपसुद्धा मोडली — आता आख्यान! मांडी सैल करा. लेकरांना पुढं घ्या.

आज एकच प्रश्न. सोपा दिसतो, पण उत्तर मला सापडलेलं नाही, आधीच सांगून ठेवतो. माणसाच्या डोळ्यांत पाणी येतं — ते दयेचं असतं का? हां? माई, तुम्ही लगेच मान हलवलीत! असणारच म्हणता. रडतो म्हणजे काळीज आहे, आणि काळीज आहे म्हणजे माणूस चांगला. माझंही असंच मत होतं हो, मागच्या माघापर्यंत.

मंडळी, ऐका.

देवसांगवी नावाचं तालुक्याचं गाव. एसटी स्टँड, समोर रसवंती, आणि रसवंतीच्या मागं कमलकुंज टॉकीज. जुनी टॉकीज, पण पडदा नवा बसवलेला. तिथं लागला होता — मेघराणा! शेवटचा भाग!

आता मागच्या रांगेतले विचारतील, मेघराणा कोण बुवा? नवा देव आला की काय? देव नाही, माणूसही नाही! चित्र आहे चित्र! संगणकावर काढलेलं. निळं अंग, हातात वीज, कुठं आग लागली की हा उडत हजर. त्याचे एकामागं एक सिनेमे निघाले, आणि लोकांना असं काही वेड लागलं म्हणता! केस मेघराणासारखे, दप्तरावर मेघराणा, एका नवरदेवानं तर बाशिंगावर मेघराणा चिकटवला. भटजींनी विचारलं, गणपती कुठाय? म्हणे खाली आहे, झाकला गेला!

हसा, हसा. पुढं हसायला मिळणार नाही.

तर या सिनेमांची एक खोड. प्रत्येक भागात मेघराणा शेवटी पडायचा. मेला, असंच वाटायचं. मग पडद्यावर नावं सुरू. कुणी काढलं, कुणी रंगवलं, कुणी आवाज दिला — ही एवढी मोठी यादी वर सरकायची. नवखा माणूस उठून चालू लागायचा. पण जाणकार? जाणकार हलायचा नाही! कारण नावं संपली की पुन्हा पडदा उजळायचा, आणि मेघराणाचा एक डोळा उघडायचा. एकच डोळा! की टॉकीजमध्ये शिट्ट्या, टाळ्या, नाचगाणं. तेव्हा नावं चालू असताना उठणं म्हणजे, आपल्यात आरतीच्या मधूनच चप्पल घालून निघाल्यासारखं. उठायचं नाही म्हणजे नाही.

या टॉकीजवर दाराशी उभे राहायचे लिंबाजी आवटे. अख्खं गाव त्यांना मामा म्हणे. तिकीट फाडायचं, अंधारात बॅटरी दाखवून खुर्ची दाखवायची, आणि नावं सुरू झाली की आत येऊन बाजूचं दार उघडायचं. तरणेपण तिथंच गेलं. घरी एकट्या कौसल्याबाई. लेकबाळ नाही. त्यामुळं टॉकीजला येणारी सगळी पोरं मामांचीच. एखाद्याजवळ तिकिटाला नसलं, की मामा दुसरीकडं बघायचे. इतका वेळ बघायचे की पोरगं आत!

त्याच पोरांतला एक शंतनू डोईफोडे. आता बाप्या माणूस झालाय, मोबाईलचं दुकान आहे, दोन लेकरं आहेत. हा मेघराणाचा सगळ्यात मोठा भक्त. याचा उद्योग काय? सिनेमा बघणाऱ्यांचे चेहरे टिपायचे! म्हणजे सगळे पडद्याकडं बघतात, आणि हा पडद्याकडं पाठ करून माणसांकडं मोबाईल धरतो. कोण दचकलं, कोण हसलं, कोण रडलं. ते मोबाईलवर टाकायचं, मग लाखो लोक ते बघतात. सिनेमा बघणाऱ्यांना बघणारे! काय जग आहे बघा, महाराज. पण वाईट माणूस नाही हो हा. पुरात लोकांना खांद्यावरून काढलेला माणूस. हे ध्यानात ठेवा, कारण पुढं तुम्ही त्याला राक्षस म्हणाल, आणि तसं म्हणून तुमची सुटका व्हायची नाही.

शेवटचा भाग लागला. दुपारचा खेळ. टॉकीज खच्चून भरलेली. मास्तरीणबाई आहेत, वकील आहेत, तिसऱ्या रांगेत डॉक्टर बसलेत लेकीला घेऊन. आणि मंडळी — मेघराणा पडला! शहर वाचवलं, आणि पडला. ती वीज हातातून निसटली, विझली. निळं अंग राखेसारखं पांढरं झालं. पडदा काळा. नावं सुरू.

रडारड! ओक्साबोक्शी! वकीलसाहेब रुमाल चावतायत. डॉक्टर लेकीला मिठी मारून हुंदके देतायत, लेक म्हणते, पप्पा, उठेल तो, थांबा ना. कुणी जागचं हलेना. सगळ्यांचे डोळे पडद्यावर. एक डोळा उघडेल. आत्ता उघडेल!

अशात मामा आत आले, दार उघडायला. दार उघडलं नाही. तिथंच पायरीवर बसले. भिंतीला टेकले. शंतनू मोबाईल फिरवत होता, त्याचा उजेड मामांच्या तोंडावर पडला. तोंड ओलंचिंब! कपाळ ओलं, गाल ओले, ओठ थरथरतायत. शंतनू ओरडला — "मामासुद्धा! अरे बघा, मामासुद्धा रडतायत!"

झालं! आजूबाजूच्या सगळ्यांनी मोबाईल वळवले. मास्तरीणबाई उठून मामांजवळ गेल्या, पाठीवरून हात फिरवायला लागल्या. "रडा मामा. मोकळे व्हा." मामांनी हात वर केला. शंतनूनं तो हात आपल्या हातात घेतला, छातीशी धरला. दुसऱ्या हातात मोबाईल. मामांचे ओठ हलले. काहीतरी बोलले. शंतनूही काहीतरी बोलला. आणि पुन्हा सगळे पडद्याकडं.

नावं संपली.

पडदा पांढरा झाला. डोळा? नाही उघडला. दिवे लागले.

अहो, काय सांगू! कुणी सुन्न, कुणी संतापलेलं. कुणी बाटली भिरकावली पडद्यावर. "असा कुठं शेवट असतो का!" "पैसे परत द्या!" "ज्यानं लिहिलंय त्याला समोर आणा!" रडत, ओरडत, शिव्या देत टॉकीज रिकामी झाली. आणि जाताना मामांना कुणी हलवलं नाही. का? तर, बिचाऱ्याला फार लागलंय, जरा एकटं बसू द्या. चांगुलपणा बघा! चांगुलपणानं एकटं सोडलं. पुढच्या खेळाआधी झाडूवाली आत आली, तिनं खांद्याला हात लावला, आणि मामा कलंडले.

मामांचं हृदय बंद पडलं होतं. तो घाम होता, मंडळी! कपाळावरचा तो घाम होता!

थांबा. पाणी घेतो.

पण इथं कथा संपत नाही. इथं संपली असती तर मी कशाला सांगितली असती! शंतनूनं ते चित्रण त्याच संध्याकाळी मोबाईलवर टाकलं. खाली करुण सुरांचं गाणं जोडलं, वर लिहिलं — शेवट बघून दारावरचे मामाही ढसाढसा रडले. मामा गेल्याची बातमी त्याला दुसऱ्या दिवशी कळली. तोवर ते चित्रण महाराष्ट्रभर झालं होतं. मग लोकच म्हणायला लागले, मेघराणाच्या वियोगानं मामांनी प्राण सोडला. काय भक्ती! काय प्रेम! हात जोडलेली चित्रं, तुटलेल्या काळजाची चित्रं, रडणारी पिवळी तोंडं — पाऊस नुसता!

मग आलं ते आपल्याकडं नेहमी येतं तेच. फ्लेक्स! चौकात हा एवढा. भावपूर्ण श्रद्धांजली. डावीकडं मेघराणा, डोक्यामागं तेजोवलय. उजवीकडं मामा, घामेजलेल्या तोंडाचे. खाली शोकाकुल म्हणून पंचवीस जणांचे फोटो, गॉगल लावून! टॉकीजच्या पटांगणात दोघांची मिळून शोकसभा. कौसल्याबाईंचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. आणि अध्यक्ष म्हणून दोन शब्द बोलायला कोण? मी! म्हणून तर हे सगळं मला ठाऊक. मी व्यासपीठावर होतो, बाईंच्या शेजारच्या खुर्चीत.

बाईंना काहीच माहीत नव्हतं. त्यांच्याकडं साधा बटणाचा फोन. शेजारणीनं सांगितलं, तुमच्या मालकाचा मान करणार आहेत, म्हणून धुवट लुगडं नेसून आल्या. शाल झाली, नारळ झाला. मग शंतनू म्हणाला, "आता आपण मामांचे ते अमर क्षण पाहू." पडदा लावलेला. मामांचं तोंड — भिंतीएवढं! गाणं सुरू. पटांगणात मुसमुसणं सुरू.

कौसल्याबाई उभ्या राहिल्या. पडद्याजवळ गेल्या. बघत राहिल्या. मग वळून म्हणाल्या, "गाणं बंद करा."

शंतनू म्हणाला, "काकू, गाणं त्यातच आहे."

"मग गाण्याआधीचं लावा. त्यांचे ओठ हलायलेत. ते बोलायलेत काहीतरी. मला ऐकायचंय."

"काकू, असू द्या ना..."

"मी डबा दिला सकाळी, आन् येतो म्हणून गेले. पुढचं काहीच नाही माझ्याकडं. तुमच्याजवळ हाय ते. लावा."

काय मागत होती ती बाई? नवऱ्याचे शेवटचे शब्द! आणि ते होते कुठं? शंतनूच्या खिशात! त्यानंही ते पुन्हा ऐकले नव्हते. गाणं जोडताना आवाज काढूनच टाकला होता. त्यानं मोबाईल काढला. मूळ चित्रण शोधलं. माईकला लावला.

आधी नुसता हुंदक्यांचा आवाज. मग मास्तरीणबाईंचा. आणि मग, मंडळी, मामांचा. अगदी बारीक. "शंतनू... जीव घाबरा होतोय रे. रिक्षा आण."

आणि शंतनूचा आवाज. प्रेमळ. अहो, खरोखर प्रेमळ! "हो मामा. आणतो मामा. दोनच मिनिटं. नावं संपू द्या, तो उठणार बघा."

"रिक्षा आण, बाळा."

"नावं संपू द्या, मामा."

तिसऱ्या रांगेतले डॉक्टर तिथंही होते, ते खाली बसले. मास्तरीणबाई आपल्या हाताकडं बघत होत्या, ज्या हातानं मामांची पाठ थोपटली होती. शंतनूनं मोबाईल खाली ठेवला आणि बाईंच्या पायाशी कोसळला. मला वाटलं, आता ही माउली शाप देणार. द्यावा! हक्क आहे तिचा! मला वाटलं, हिनं ओरडावं, नारळ फेकून मारावा, म्हणजे आम्ही सगळे सुटू.

तिनं काय केलं? ती वाकली. त्याला विचारलं. टोमणा नाही हो, खरंच विचारलं. तिनं तो सिनेमा पाहिलाच नव्हता ना!

"मग, नावं संपल्यावर उठला का तो?"

शंतनू म्हणाला, "नाही, काकू."

"बरं," म्हणाली. शाल घडी करून खुर्चीवर ठेवली आणि निघून गेली.

माझ्यावर दोन शब्द बोलायची पाळी आली. मी माईकपाशी उभा राहिलो आणि समोर बघितलं — काय बघितलं सांगू? सगळे रडत होते. आणि निम्म्यांचे मोबाईल वर होते! बाई फाटकातून बाहेर पडेपर्यंत तिच्या पाठीवर धरलेले! रात्रीच्या जेवणाआधी नवीन चित्रण फिरत होतं — विधवेचा एक प्रश्न, डोळ्यांत पाणी आणेल. खाली गाणं तेच. म्हणजे ऐकूनही काही उतरलं नाही. सभेतून उठून त्या बाईला घरापर्यंत सोडायला एकही जण गेला नाही. तिला शेतातून वाट तुडवत जायचं होतं.

मी सिनेमाला शिव्या द्यायला उभा नाही. कथेला रडावं. आपणही सीतामाईच्या वनवासाला रडतो, वर्षानुवर्षं रडतो. पण मला भीती वाटायला लागलीय हो. खरं सांगतो, कीर्तन करायची भीती वाटते. मी सांगतो, तुम्ही रडता, आणि रडून झालं की तुम्हाला वाटतं, आपल्या हातून काहीतरी झालं. काय झालं? काहीच झालं नाही! पाणी आलं आणि वाळलं.

आता बघा. माई पदर लावतायत डोळ्याला. पाटील नाक पुसतायत. कुणासाठी? लिंबाजीमामांसाठी? ते गेले. त्यांना तुमच्या पाण्याचा काय उपयोग? एक काम करा. माझ्याकडं बघू नका. शेजारी बघा. तुमच्या मांडीला मांडी लावून कोण बसलंय, बरं आहे का त्याचं, जेवलंय का, दोन दिवस गप्प का आहे — विचारा. आत्ता. मी थांबतो. गजर नाही, टाळी नाही. विचारा!

...

विचारा ना.

अहो, मान वळवा! माझ्या तोंडावर काय लिहिलंय? पुढं महाराज काय सांगतात म्हणून बसलात? पुढं काही नाही, मंडळी! आख्यान संपलं!

शेजारी बघा म्हटलं मी... शेजारी...

नाही. सगळे माझ्याकडंच बघताय.

बरं. आरती लावा.