चौकटीतली मोडी

…आन वरून मलाच म्हनतो, "मसाजी, अक्षर बघ कसं मोत्यावानी!" अरे, चुलीत घाल तुझे मोती! तुमीच सांगा, शब्द समदे माझे, आन वाटोळं करनारा हा पुंजाजी! पुसेगावात लिहिता येनारं हे एकच माणूस, म्हून त्याच्या दारात गेलो, दुसरं काय?

तुमाला सांगतो, जर्मनची दुसरी लढाई संपली त्या साली आमच्या मेव्हन्यानं, उकंडरावानं, पुण्याच्या मासिकाचा एक अंक आनला, त्यात शब्दकोडं. काळी-पांढरी घरं, पांढऱ्या एका घरात एकच अक्षर, काळ्यात काई न्हाई. बराबर सोडवलं की नाव छापून येनार. मी मेंढरामागं फिरनारा, शाळेचं तोंड बघितलं न्हाई, पन पुंजाजी वाचत गेला आन मी सांगत गेलो… "गुरांचा कळप, अक्षरं तीन." खिल्लार! हे काय इचारनं झालं? "परमुलखातून आलेला शब्द, अर्थ त्रास, अक्षरं चार." तकलीफ! समोरच बसली होती, दौत घेऊन! "चुलीवर सरळ, समईत उलटा, अक्षरं दोन." इथं पुंजाजी अडला, मिशा चावून राहिला. मी मेंढरं पाजून येईस्तोवर तोंडात घोळवत राहिलो… तवा, तवा, तवा… उलटं बोललो तर वात! शब्द समदे माझे, बरं का!

आन घरी अनुसया. जलमात तिनं माझं नाव तोंडातून काढलं न्हाई, नवऱ्याचं कसं काढंल? ती हिरीवर बायांना सांगून आली, छापून आलं की बोट ठेवून दाखवते, माझा धनी कोन ते. आता बोला!

मग पुंजाजीनं बोरू टेकवला. टेकवला तो पुन्हा उचललाच न्हाई! उभी हयात देशमुखाकडं मोडी लिहिलेली, हात न उचलता, अक्षराला अक्षर बांधत. आधी ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली, मग तिला माझे शब्द लटकवले. काळं घर बघितलं न्हाई, पांढरं बघितलं न्हाई… काट्याचं कुंपन मोडून मेंढरं वावरात घुसावी तसं! मला अक्षर येत न्हाई, पन भिंत आन दार तर कळतं? म्हनलं, "पुंजाजी, एका घरात एक, हे तूच वाचलं ना रं?" तर म्हनतो कसा, "तोडून लिहायला मी काय शाळेतलं पोरगं हाय?"

अंक एकच, आन शाई वाळलेली. अनुसया हिरीवर जायची सोडून लांब नदीवरून पानी आनाया लागली, तेच जास्त लागलं. त्याच दिवशी ठरवलं, पुढचं कोडं माझ्या हातानं लिहीन. रोज सांजच्याला पाटी घेऊन बसून राहिलो. काहून हसता? शिकवनारं गावात दुसरं कोन हाय? त्याच्याच दारात! शब्द समदे माझे… आन काल माझं नावबी लिहिलं.

हात न उचलता.