पेंढ्याचं रेडकू

ऐका. जरा जवळ सरका, आणि ते ओलं लाकूड बाजूला काढा, नुसता धूर करतंय. टाक्याच्या खिंडीची वाट गावानं का टाकली, असं मघाशी कुणीतरी विचारलं. सांगतो. पण मधेच उठून जायचं नाही.

वरच्या वाडीचा केरबा. असाच पौष, अशीच थंडी. बाजाराला गेला होता, परतीची एसटी चुकली. सडकेनं यायचं तर सगळ्या डोंगराला वळसा. खिंडीनं आलं तर घर जवळ. दिवस बुडालेला. डोक्यावर पेंडीचं पोतं, हातात काठी. निघाला खिंडीनं.

खिंडीच्या तोंडाशी दगडात कोरलेलं पाण्याचं टाकं आहे. वर वाकलेला उंबर. तिथं मागून कुणीतरी म्हणालं, "केरबा, हळू चल की. मीबी येतो."

केरबानं वळून पाहिलं नाही. डोक्यावर ओझं असलं की माणूस वळत नाही, हे ध्यानात ठेवा. त्याला वाटलं, वाडीचाच कुणी असेल. सोबत झाली, बरं झालं. आता वाटेत सोबत मिळाली की आपण काय बोलतो? घरचंच. मागच्यानं विचारलं, थंडी कशी आहे. केरबा म्हणाला, पहाटे घागरीत हात घालवत नाही. विचारलं, वैरण पुरेल का. पुरेल, गंजी अजून फोडलेली नाही. कोंबडी? ती खुडूक झालीय आणि नेमकी माझ्या पटक्यात बसलीय, मी बोडका हिंडतोय. आणि मांजर? ते चुलीच्या राखेत निजतं, अन् रोज मिशा भाजून घेतं. दोघं हसले. हसता हसता केरबाच्या मनात आलं, हे हसणं ऐकलेलं आहे.

"आणि चांदरी?"

चांदरी म्हणजे त्याच्या घरची म्हैस. "बरी हाय," केरबा म्हणाला. "दूध देती."

"तिचं रेडकू?"

केरबाच्या तोंडून सवयीनं गेलं, "झ्याक हाय. उड्या मारतंय."

म्हणाला, आणि बघतो तर समोर टाकं. वाकलेला उंबर. एवढा चालला, आणि होता तिथंच.

आता मागचं सांगायला हवं, नाहीतर कळायचं नाही.

केरबाला थोरला भाऊ होता, सातबा. आईबाप लवकर गेले, सातबानंच त्याला वाढवलं. आदल्या पौषात सातबा छातीच्या दुखण्यानं शहरात दवाखान्यात पडला. बायको अक्काताई त्याच्यापाशी. घर आणि गोठा केरबावर. जाताना सातबानं एकच बजावलं होतं. चांदरी नुकती व्यालीय, रात्री गोठ्याच्या दाराला तरट लाव.

एका रात्री केरबा शेजारच्या गावात भजनाला गेला. तरट लावायचं राहिलं. पहाटे येऊन बघतो तर रेडकू थंडीनं लाकडासारखं ताठ. म्हशीनं पान्हा चोरला. मग लोक करतात तेच त्यानं केलं. रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून घेतला आणि ते तिच्यापुढं उभं केलं. ती त्याला चाटायची आणि दूध द्यायची. तुम्ही म्हणाल, मुकं जनावर, फसलं. फसलं का नाही, कुणास ठाऊक.

सातबाचा रोज संध्याकाळी फोन यायचा. रेडकू कसं आहे? उड्या मारतंय, केरबा सांगायचा. मग सातबा खाटेवर पडल्या पडल्या हसायचा. एक दिवस म्हणाला, डॉक्टर दोन दिवस सोडायला तयार आहेत. "येऊ का रं? रेडकू बघून जातो."

केरबानं गोठ्याकडं पाहिलं. तिथं पेंढा उभा. म्हणाला, "थंडी लई हाय, दादा. नको येऊस."

त्याच आठवड्यात सातबा दवाखान्यातच गेला. घर काही त्याला दिसलं नाही. अक्काताई परत आली, गोठ्यात ते उभं केलेलं पाहिलं, आणि बोलली नाही. केरबाही बोलला नाही. एका घरात, एका चुलीवर, वर्ष गेलं.

हां, तर खिंड.

केरबा भराभर चालू लागला. मागून पुन्हा तेच. थंडी कशी आहे? वैरण पुरेल का? केरबा उत्तरं देत गेला. आणि रेडकू? "बरं हाय." पुन्हा टाकं. पुन्हा उंबर.

आता मागं पावलं नुसती माणसाची नव्हती. खसखस. खसखस. पेंढा चालतो का कुठं? चालत होता. आणि केरबाच्या मोकळ्या हाताला काहीतरी लागलं. नाकपुडी. कोरडी, गार, आत श्वास नाही. मग जीभ लागली. जीभ कसली, काडी. तळहात खरवडून गेली.

मग मागचा म्हणाला, "येऊ का रं? रेडकू बघून जातो."

ऐका, हे नीट ऐका. असल्या सोबत्यानं 'येऊ का' म्हटलं तर 'ये' म्हणायचं नसतं. म्हटलं की तो घरात आला. आणि 'नको येऊस' केरबाच्या ओठावर आलंच होतं, पण ते नुसतं आलं तशी पुढची वाट टाक्याकडं वळायला लागली. हेही बंद, तेही बंद.

केरबानं पोतं खाली ठेवलं. वळला मात्र नाही.

"दादा," तो म्हणाला, "रेडकू मेलं. मी तरट लावलं न्हाई. तुला कळंल म्हणून मी तुला येऊ दिलं न्हाई."

टाक्यात पाण्याचा थेंब पडला. मागं पेंढा भसकन सांडल्याचा आवाज झाला.

"अक्काताईला सांगितलंस?"

"न्हाई."

"मग चल. तिथवर मी हाय."

पोतं तिथंच टाकून केरबा पळाला. करवंदीच्या जाळ्या, दगड, ओढा, काही पाहिलं नाही. मागं पावलं तेवढीच. घर आलं. दारातलं कुत्रं उठलं, पण भुंकलं नाही. केरबाच्या पाठीमागं बघून शेपूट हलवायला लागलं.

अक्काताई दिवा घेऊन दारात आली. "भावजी, कोण हाय मागं?"

केरबाला उंबरा ओलांडवेना. पाय उचलेचना. मग तिथंच, उंबऱ्याबाहेर, त्यानं सांगितलं. भजन, तरट, फोन, 'नको येऊस'. सगळं.

अक्काताईनं दिवा खाली ठेवला. "ठावं हाय," म्हणाली. "त्यांनाबी ठावं हुतं. वाडीचा एकजण भेटायला आला हुता, त्यानं सांगितलं."

"मग दादा रोज का इचारायचा?"

"आज सांगाल, उद्या सांगाल म्हणून." ती सांगत गेली. "येऊ का म्हणाले ते रेडकासाठी न्हवं. म्हणाले, त्याच्या जिवाला लागलं असंल, जाऊन येतो. तुम्ही नको म्हणालात."

एवढं बोलून ती त्याच्या बाजूनं बाहेर पडली, गोठ्याकडं गेली आणि दाराला तरट लावलं. कुत्रं शेपूट खाली घालून बसलं. मागं कुणी नव्हतं. तेव्हा केरबाचा पाय उचलला.

सकाळी पेंडीचं पोतं दारात होतं. कुणी आणलं, ते मला विचारू नका.

लोक म्हणतात, केरबा थोडक्यात सुटला. तो पुढं पुष्कळ जगला, मी त्याला पाहिलाय. थंडीच्या रात्री गोठ्याचं तरट लावायचा, आणि त्याला हात लावून तसाच उभा राहायचा. सुटलेला माणूस असा उभा राहत नाही.

म्हणून सांगतो, त्या वाटेनं जाऊ नका. घरी सगळं बरं आहे असं छातीवर हात ठेवून सांगता येत असलं, तरीही नका जाऊ.

चला, उठा आता. जाताना आपापल्या गोठ्याची तरटं लावून जा.