रमणचा सदरा

मी मूळचा दोंडाईच्याकडचा, भाऊ. बाप हमाल होता, तो गेला तसं चुलत्यानं मला सावद्याला केळीच्या कामावर आणून सोडलं. तिथं माणसं जोडीनं काम करतात, एकानं घड कापायचा, दुसऱ्यानं खांद्यावर झेलून बांधापर्यंत न्यायचा. मी कापणारा, रमण वाहणारा. तीन वर्षं तसं चाललं. काय सांगू तुम्हाला, बाप मेला तेव्हा मी रडलो नव्हतो, ते सगळं रमणपुढे रडलो, आणि तो हसला नाही, माझं डोकं मांडीवर घेऊन बसला. दुपारच्या सुट्टीत पंपाच्या खोलीत आम्ही दोघंच असायचो, नवरा-बायको असतात तसे. इतकी वर्षं लपवलं, आज सांगतो.

केळीचा चीक कपड्यावर काळा पडतो, धुऊन जात नाही. वाहणाऱ्याचा खांदा काळा, कापणाऱ्याच्या बाह्या. एका दुपारी मुकादमानं लवकर हाक मारली आणि आम्ही घाईत एकमेकांचे सदरे घालून बाहेर आलो. मुकादम म्हणाला, काय रे, तुझा खांदा कधीपासून काळा? धुळ्याकडचा एक गडी ओरडला, हाऊ ते नवराना सदरा शे! म्हणजे, हा तर नवऱ्याचा सदरा. सगळे हसले, मग एकेक जण हसायचा थांबला. मुकादमानं विचारलं, कोणी कोणाला नासवलं? रमण माझ्याकडे बघत होता, फक्त माझ्याकडे. मी म्हणालो, यानंच जबरदस्ती केली माझ्यावर. आणि पहिला फटका मीच मारला, फावड्याच्या दांड्यानं, तोंडावर. मग सगळे तुटून पडले. ते दमले तरी मी मारत राहिलो, थांबलो तर माझी पाळी येईल म्हणून मारत राहिलो. त्याच्या खांद्याचं हाड मीच मोडलं, भाऊ, आवाज ऐकला मी. दवाखान्यात विचारलं तर तो म्हणाला, घड घेताना पाय घसरला.

मी पळून गावी आलो, लग्न केलं, मुलं झाली. गेल्या वर्षी कळलं, रमण दीपनगरच्या कॉलनीत माळीकाम करतो. गेलो. त्यानं डाव्या हातानं चहा ओतला, उजवा खांद्याच्या वर जात नाही. मी म्हणालो, त्या दिवशी मी खोटं बोललो. तो म्हणाला, मला काय सांगतोस, मी होतो ना तिथं. मग म्हणाला, मार मी विसरलो असतो रे, पण तू माझ्याकडे बघत बघत मारलंस. माफ केलं म्हणाला नाही, मीही मागितलं नाही. निघताना दिसलं, खोलीत एकच खाट, एकच ताट.

माझं काय व्हायचं ते होवो. त्याला कोणीतरी मिळो, भाऊ, माझ्यासारखं नको.